सहाणेजवळची दोन दारं

सायकलवाल्यांना एक वाईट खोड असते. कुठूनही फिरून आलं की पहिला प्रश्न चढाचा. किती लांब, किती उभा, उतरून ढकलावी लागली का. माणसं कशी होती हे कुणी विचारत नाही. म्हणून मी आधीच सांगून टाकते. या जानेवारीत शैला आणि मी महाड-पोलादपूरकडे तीन दिवस सायकली चालवून आलो, आणि त्यातला सगळ्यात सुंदर चढ कुठल्याही नावाजलेल्या घाटातला नव्हता. तो एका वाडीला जाणारा रस्ता होता. नवा, सिमेंटचा, दोन्ही बाजूंना वालाची हिरवी शेतं. पण त्या चढावर मला पुन्हा कुणी चल म्हटलं तर मी जाणार नाही. वाडीचं नावही लिहीत नाही, ते का हे पुढे कळेलच.

आम्ही दोघी साताऱ्याच्या. मी औषधांच्या दुकानात काउंटरला असते. शैला मुख्याध्यापिका होती, ती निवृत्त झाली. पण फक्त शाळेतून. लोकांचे कान धरणं अजून चालूच आहे. पन्नाशी दोघींनी ओलांडलीय. सायकल घेतली तेव्हा ज्यांनी ज्यांनी ‘गुडघे सांभाळा’ म्हणून सांगितलं, त्यांचे गुडघे आमच्या आधी गेले.

आंबेनळीतून खाली

पहिल्या दिवशी मेढ्यावरून केळघरचा घाट चढून महाबळेश्वर गाठलं. हा आमचा घरचा घाट, त्याचं कौतुक किती करणार. बाजारात स्ट्रॉबेरीच्या टोपल्या आणि घोड्यांची लीद यांच्यामधून वाट काढली, एकेक मक्याचं कणीस खाल्लं, आणि प्रतापगडाचा फाटा मागे टाकून आंबेनळीला लागलो.

उतार म्हणजे आराम, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा घाट एकदा सायकलने उतरावा. पाय रिकामे असतात, पण बोटं ब्रेकवर आवळून आवळून बधिर होतात. दरडीनं खाल्लेला रस्ता ठिकठिकाणी नव्या दगडी भिंतींनी सावरलेला आहे, आणि त्या भिंतींकडे बघत आम्ही प्रत्येक वळण जवळजवळ चालीच्या वेगानं घेतलं. हवा मात्र मजेशीर बदलते. वर कानटोपी होती, मध्यावर जॅकेट निघालं, आणि खाली येईपर्यंत घामाच्या धारा. आमची साताऱ्याची कोरडी थंडी घाटातच कुठेतरी राहून जाते आणि अंगाला चिकटणारी ओलसर ऊब सुरू होते.

एका वळणावर शैलाच्या ब्रेकला जळका वास यायला लागला म्हणून थांबलो, तर कठड्यावरच्या वानरानं तिच्या पिशवीतली शेंगदाण्याची चिक्की काढून घेतली. काढून घेतली म्हणजे अगदी शांतपणे, बसचा कंडक्टर तिकीट घेतो तशी. शैलानं त्याला ‘ठेव ती खाली’ असं शाळेतल्या आवाजात सांगितलं. त्यानं तिच्याकडे बघत बघत चिक्की संपवली. तिचं न ऐकणारा इतक्या वर्षांत मी पाहिलेला तो पहिलाच.

पोलादपूरला एका खानावळीत जेवलो. खानावळवाल्या बाईंनी आमच्या मागे दरवाजाकडे पाहिलं आणि विचारलं, “दोगीच? मान्सं कुठं हायत?”

“मागं राहिली,” शैला म्हणाली.

“मंग थांबायचं काय त्यांच्यासाठी?”

“नको, त्यांना सवय आहे.”

बाई इतक्या हसल्या की वाढायचं विसरल्या. मग आलं ते ताट मात्र सुरेख होतं. वालाचं बिरडं, सुकटीची चटणी, आणि तांदळाची भाकरी. आमची ज्वारीची भाकरी कडक, स्वाभिमानी. ही उकड काढून केलेली, पांढरी, मऊ. दुमडली तरी मोडत नाही. मी तीन खाल्ल्या.

महाड, बिरवाडी

दुसऱ्या दिवशी सकाळी हमरस्त्यानं महाड. रस्ता आता रुंद आणि गुळगुळीत झालाय, पण ट्रक इतक्या जवळून जातात की आपण कुणाच्या तरी मध्ये आलोय असं सारखं वाटत राहतं. महाडला बाजारात केळी घेतली आणि चवदार तळ्याच्या काठी बसून खाल्ली. मार्चमध्ये इथे पाय ठेवायला जागा नसते. जानेवारीच्या त्या सकाळी फक्त दोन कॉलेजच्या मुली अभ्यास करत होत्या आणि एक वकील कोट मांडीवर घेऊन पेंगत होते. पाणी हिरवट, स्तब्ध. आम्हीही जरा स्तब्ध बसलो, मग उन्हं चढायच्या आत बिरवाडीला निघालो.

बिरवाडी म्हणजे कारखान्यांच्या शेजारचं मोठं गाव. हवेला औषधाच्या बाटलीसारखा वास. घराघरावर भाड्याच्या खोल्या चढवलेल्या आणि प्रत्येक गॅलरीत निळे गणवेश वाळत टाकलेले. तिथे एका हॉटेलात वडा-पाव खाताना शेजारच्या टेबलावरचा एक तरुण आमच्या सायकलींकडे टक लावून बघत होता. शेवटी उठून आलाच. नीलेश त्याचं नाव. कारखान्यात कामाला, इथेच खोली घेऊन राहतो, सुट्टीला सायकल मारत गावी जातो.

“वरंधा घाट करनार? तो उद्या करा मॅडम, पलायचा नाय कुठं तो. आज आमच्या वाडीचा चढ करा. रस्ता एकदम मक्खन हाय. घाटाच्या वाटेवरच फाटा लागतो. सहाणेला लागून आमचं घर. आई-बाबा हायत. मी फोन करतो, जेवान-बिवान सगलं तिकडंच.”

सहाण म्हणजे शिमग्यात देवाची पालखी बसवायचा दगडी चौथरा, हे आम्हाला त्यानंच सांगितलं. तू येत नाहीस का विचारलं तर म्हणाला, दुपारची पाळी आहे. मग जरा घुटमळला. आणखी काहीतरी सांगायचं होतं बहुतेक. पण कंपनीची बस आली आणि तो पळाला.

वाडी

फाट्यावर एसटीची शेड आणि एक चहाची टपरी. तिथून चढ सुरू होतो. मी पुष्कळ चढ चढलेय, पण इतका समजूतदार चढ कमी पाहिलाय. दमवतो आणि मग थोडा सपाट होऊन श्वास घेऊ देतो. डाव्या हाताला ओढा, उजवीकडे वालाची शेतं, शेंगांचा तो कच्चा, गोडसर वास. उन्हं तिरपी झाली होती. शेवटच्या वळणाला मात्र तो एकदम उभा राहतो. तिथे शैला उतरली. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकून दगडावर बसले होते, छातीचा भाता चाललेला. ते म्हणाले, “डाव्या अंगानं घ्या बाय. मधी पानी पाझरतं, शेवाल हाय.” आम्ही डाव्या अंगानं घेतलं.

वर सहाण होती आणि सहाणेला लागून एक लांबच लांब कौलारू घर. छप्पर एक, दारं दोन. पहिल्या दारातून एक काकी बाहेर आल्या, आम्हाला पाहून क्षणभर गोंधळल्या आणि मग त्यांचा चेहरा असा फुलला की आम्हालाच लाजल्यासारखं झालं. “या, बसा बसा,” म्हणत त्यांनी पाण्याचा तांब्या आणि गूळ पुढे केला. हेच नीलेशचं घर, असं आम्ही गृहीत धरलं. थोड्या वेळानं ते मघाचे गृहस्थही काठी टेकत येऊन ओटीवर बसले. धोंडूकाका. त्यांनी कुठनं आलात, किती दिवस, नवरे ओरडत नाहीत का, सगळं विचारलं. प्रत्येक उत्तर ते असं ऐकत होते जणू आम्ही कीर्तन करतोय. काकींनी चहा आणला. आम्ही प्यायलो.

तेवढ्यात दुसऱ्या दारातून एक गृहस्थ बाहेर आले. चेहरा धोंडूकाकांचाच, वयानं थोडा तरुण. अंगणात म्हैस बांधलेली होती. ते तिच्यापाशी उभे राहिले, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि आमच्याकडे न बघता मोठ्यानं बोलायला लागले.

“मंगले, नीलेशचा फोन आला व्हता गो. सातारची पावनी येतायत म्हनं. घरात भाकऱ्या थापून ठेवल्यात. आता पावन्यांनी तिकडं चा घेतला. काय करायचं त्या भाकऱ्यांचं?”

मला वाटलं, घेतलेली दिसतेय. शैलाला हसू आवरेना.

“हसू नका, बाय,” धोंडूकाका म्हणाले. “माझा धाकटा भाव हाय तो. सखाराम. माझ्याशी बोलतोय.”

मग ते समोर बघून म्हणाले, “सखा, त्यांना कुठं म्हाईत. माझं दार आधी लागलं.”

“मंगले,” सखारामकाका म्हशीला म्हणाले, “म्हाईत नव्हतं ते मला पन कलतंय गो.” आणि आत निघून गेले.

धोंडूकाकांना गावकीनं वाळीत टाकलंय, हे आम्हाला तेव्हा कळलं. गावकी म्हणजे वाडीतल्या सगळ्या घरांची बैठक. देवाचे मान, भांडणं, लग्नाची आमंत्रणं, लावणीला कोण कुणाच्या शेतात जाणार, सगळं तीच ठरवते. वाळीत टाकलेल्या माणसाशी बोलायचं नाही, त्याच्याकडचं पाणी प्यायचं नाही, त्याच्याकडे चहा पिणाऱ्याला घरात घ्यायचं नाही. आम्ही दोघी चहाच्या एका कपात वाळीत गेलो होतो.

कारण काय, तर तो रस्ता. तोच, ज्याला मी समजूतदार म्हणत होते. वाडीच्या वरच्या अंगाला बौद्धवाडी आहे. तिथून खाली यायला पूर्वी ओढ्यातली पायवाट होती. पावसात कुणी आजारी पडलं तर बांबूला चादरीची झोळी बांधून चौघांनी उचलून आणायचं. वर रस्ता न्यायचा तर एकाच जागेतून जाऊ शकत होता, सहाणेच्या बाजूची धोंडूकाकांची पट्टी. मोजणीवाले आले, काकांनी संमतीची सही दिली. बैठकीत न विचारता दिली. जमीन तुझी, पण सहाणेजवळची वाट गावाची, असं गावकीचं म्हणणं. कुणाला विचारलं नाही म्हणून राग होता, कुणाला सहाणेचा, आणि कुणाला रस्ता कुणासाठी होतोय त्याचा. तो शेवटचा राग बैठकीत कुणी तोंडानं बोललं नाही, असं काका म्हणाले.

“चुकलो म्हन म्हनले. मी म्हनलो, चुकलो. आधी सांगायला पायजे व्हतं. मंग म्हनले सही मागं घे. ती कशी घेनार, बाय? वर पोटुशा बाया हायत.”

शैलाचा पारा केव्हाच चढला होता. कायदा आहे याच्याविरुद्ध, तुम्ही तक्रार का करत नाही, असं तिनं विचारलं.

“हाय ना कायदा. वरचं गुरुजी कागद लिवून घेऊन आलं व्हतं. पन त्यात कोन कोन वालीत टाकतं त्यांची नावं लिवायला लागतात. दर घराचं एकेक नाव. मंग सखारामचं पन आलं.” काका थोडा वेळ दम खात बसले. “त्याला कोर्टात उभा करू?”

सखारामकाका तरी काय करणार. ते दादाशी बोलले असते तर त्यांच्याही लावणीला कुणी आलं नसतं, आणि नीलेशच्या लग्नाला कुणी उभं राहिलं नसतं. म्हणून त्यांनी ही म्हशीची वाट काढली होती. म्हशीशी बोलायला गावकीची बंदी नाही. पाऊस येतोय, भात झाक. ताप उतरला का. बहिणीकडचा निरोप आलाय. सगळं मंगळीच्या कानावर घालायचं, अंगणात, मोठ्यानं. वाडीला हे ठाऊक होतं आणि वाडी न ऐकल्यासारखं करत होती. धोंडूकाकांनी मात्र म्हशीला कधी मध्ये घेतलं नाही. ते सरळ ‘सखा’ म्हणून हाक मारत. “मी काय गुन्हा केलेला नाय. मी का जनावराशी बोलू?”

मग काकींनी ते सांगितलं. उद्या सकाळच्या गाडीनं ते दोघं विरारला मुलाकडे चालले होते. कायमचे. आतल्या खोलीत गाठोडी बांधून ठेवलेली आम्हाला दिसली.

“शिमगा आला जवल,” काका म्हणाले. “आता पालखी ह्याच रस्त्यानं फिरवतात. चांगला रस्ता हाय, खांद्याला सोपं जातं. माझ्या दारावरनं जाते आनि थांबत नाय. तीन शिमगे बघितलं. हा चौथा नाय बघवनार.”

अंगणात मंगळी रवंथ करत होती.

“घर बंद झालं तरी चालंल,” ते म्हणाले. “फकस्त सखानं एकदा बोलावं जायच्या आधी. म्हशीला नाय. मला.”

शैलाला धरून ठेवणं मला कधीच जमलेलं नाही. ती उठली आणि तरातरा दुसऱ्या दारात गेली. सखारामकाका उंबऱ्यात बसले होते. सख्खा भाऊ उद्या जातोय, एक शब्द बोलायला काय होतं तुम्हाला, असं ती म्हणाली. ते उठून म्हशीजवळ आले. आम्हीही आता म्हशीच्या मार्फतच होतो.

“मंगले, ह्या बाय उद्या घाट चढून आपल्या घरी जातील गो. आपल्याला हितंच ऱ्हायचं हाय, हितंच मरायचं हाय. उचलायला चार जनं लागतात.”

शैला परत आली आणि खाली मान घालून बसली. तिला निरुत्तर करायला आधी वानर लागलं होतं, आता हा माणूस. पण या वेळी मला हसू आलं नाही.

दिवेलागणीला दुसऱ्या दारातून बांगड्या वाजल्या. “मंगले, तुझ्यासाठी कठड्यावर भाकऱ्या ठेवल्यात गो,” असा बाईचा आवाज आला आणि दार लोटलं गेलं. दोन्ही ओट्यांच्या मधल्या कठड्यावर भाकऱ्यांची चळत होती, केळीच्या पानात गुंडाळलेली, वर सुक्या बोंबलाची चटणी. काकींनी ती उचलून आमच्या ताटात वाढली. अशी नीट, एकसारखी भाकरी मी आयुष्यात खाल्ली नव्हती. ती गिळायला इतका वेळही कधी लागला नव्हता.

फाटा

सकाळी धुकं होतं. वरच्या बौद्धवाडीतून सात-आठ माणसं निरोपाला आली. त्यांत प्राथमिक शाळेचे गुरुजी होते आणि कडेवर मूल घेतलेल्या दोन बायका. एकानं पिकअप आणतो म्हणून सांगितलं, पण धोंडूकाका नको म्हणाले. चालत उतरणार म्हणाले. गाठोडी आमच्या सायकलींवर बांधली.

गुरुजी माझ्याशेजारी उभे होते. ते हळू आवाजात म्हणाले, “रस्ता झाल्यापासून आमच्या एकाही बाळंतिणीला झोळीतून न्यावं लागलं नाही, ताई. आणि ज्यांनी दिला त्यांना हे. मी एकदा म्हणालो त्यांना, की आमच्यामुळे झालं तुमचं. तर माझ्यावरच रागावले.” त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

धोंडूकाका कुलूप लावून वळले आणि दुसऱ्या दारासमोर जाऊन उभे राहिले. दार अर्धवट उघडं होतं.

“सखा, येतो रे.”

आमच्याकडेही ‘जातो’ म्हणत नाहीत. निघणारा ‘येतो’ म्हणतो आणि आतल्यानं ‘ये’ म्हणायचं असतं. त्याशिवाय पाऊल उचलत नाही. काका थांबले. काकी थांबल्या. वरची माणसं, आम्ही, सगळेच थांबलो. आतून चुलीच्या धुराशिवाय काही बाहेर आलं नाही. शेवटी काकींनी त्यांचा हात धरला आणि ते निघाले.

पहिल्या वळणाशी पोचतो तोच मागून खुरांचा आवाज आला. सखारामकाका म्हशीला घेऊन येत होते. म्हशीला चरायला न्यायला कुणाची परवानगी लागत नाही. घराघराच्या ओट्यांवर माणसं होती. कुणी दात घासत होतं, कुणी उगीच दोरी वळत होतं. कुणी मान वर केली नाही.

“मंगले,” मागून आवाज सुरू झाला, “विरारला वारा खारा असतो म्हनं. दमेकऱ्यानं रातीला छातीला तेल लावून निजावं.”

“लावीन,” धोंडूकाका पुढे बघत म्हणाले.

“कौलं पावसाच्या आधी मी उलटीन गो. मागल्या अंगाचं एक फुटलंय.”

“दोन फुटल्यात, सखा.”

“दोन फुटल्यात गो मंगले, मला म्हाईत हाय. आनि वाल झालं की नीलेशबरोबर पाठवीन. बाबांचं वरीस दोघांच्या नावानं घालीन. गाडीत खिडकीपाशी बसायचं नाय.”

मी सायकलचे दोन्ही ब्रेक दाबून ओझं सावरत उतरत होते. आदल्या दिवशी ज्या चढानं मला इतका आनंद दिला, तो आता संपू नये असं वाटत होतं. धोंडूकाका प्रत्येक वळणाला दम खायला थांबत, आणि मागे म्हैसही थांबे. असं अर्ध्याच्या पुढे आलो. तिथे धोंडूकाका वळले आणि भावाच्या तोंडाकडे बघून म्हणाले, “सरल बोल की रे.”

सखारामकाका गप्प झाले. त्यानंतर फाट्यापर्यंत म्हशीलाही त्यांनी काही सांगितलं नाही.

टपरीवर दोन म्हातारे चहा पीत बसले होते. गावकीतले, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. सखारामकाका त्यांना पाहून रस्त्याच्या पलीकडेच थांबले. आम्ही गाठोडी सोडून शेडमध्ये ठेवली. काकींनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मी रडले. शैलाही रडली आणि वर मलाच म्हणाली, गप.

एसटी आली. कंडक्टरनं सामान आत घ्यायला मदत केली. धोंडूकाका खिडकीपाशीच बसले, बजावलेलं असूनही, आणि काच मागे सारून त्यांनी रस्त्यापलीकडे पाहिलं.

“सखा.”

सखारामकाकांचा हात म्हशीच्या मानेवर होता. त्यांनी टपरीकडे एकदा पाहिलं. “मंगले,” ते म्हणाले, आणि पुढचं काही त्यांच्या तोंडून फुटलंच नाही. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी बिरवाडीकडे निघाली.

धूळ खाली बसली तेव्हा टपरीवरच्या दोघांतले थोरले म्हातारे चहाचा ग्लास ठेवून उठले. सखारामकाकांजवळ येऊन उभे राहिले.

“बोलायचं व्हतंस रे,” ते म्हणाले. “अशा टायमाला बोललास तर कोन काय म्हननार व्हतं? मी तरी काय म्हननार व्हतो?”

ते खरंच दुःखानं म्हणाले. तेच मला सगळ्यात सोसवलं नाही.

सखारामकाका त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी दावं हातातून टाकलं, रस्त्याच्या मधोमध गेले आणि गाडी गेली त्या बाजूला तोंड करून म्हणाले, “ये रे दादा.” आवाज फुटलेला होता, म्हणून पुन्हा म्हणाले, मोठ्यानं. “दादा, ये.”

एसटीचा आवाजही तोवर यायचा बंद झाला होता. शैलानं सायकल वळवली. “गाठते मी गाडी,” म्हणाली. सखारामकाकांनी नको म्हणून हात हलवला.

आम्ही वरंधा घाटाच्या बाजूला लागलो. फाट्यापासून जरा वर गेलं की तो वाडीचा रस्ता शेतांमधून पूर्ण दिसतो. मी थांबून पाहिलं. म्हैस पुढे आणि सखारामकाका मागे, असे ते चढ चढत होते. ऐकायला आता कुणी नव्हतं, आणि ते तिच्याशी काही बोलत नव्हते.